जास्तीची पुडी

सोमवार, ३ मार्च

घुम्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. क्विनिडीनची गोळी कुटायची नाही. अख्खी गिळायची, भरपूर पाण्याबरोबर. मोडायची नाही, चावायची नाही, मधात कालवायची तर मुळीच नाही. एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसले आहे, बाकीचं वाचलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर डाफरू नकोस. तुझ्या जुन्या डायरीतून नंबर शोधला बिचारीनं. तू माझा फोन उचलत नाहीस हे तिला ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहा म्हणाली. लिफ्टच्या टपावर तेलपाणी करताना तू कोसळलास, कमरेचा पट्टा अडकवलेला होता म्हणून वाचलास, हे तिच्याकडून ऐकलं तेव्हा मी दुकानात एका म्हातारीच्या चष्म्याची काच घासत होते. काच गेली वाया. मालकांनी माझं तोंड बघून पाणी आणून दिलं.

म्हणजे बाबांचं काळीज तुझ्या वाट्याला आलं. ठोके मध्येच धावायचे, मध्येच थांबायचे. बाकीची औषधं तुला मानवली नाहीत म्हणून डॉक्टरांनी हे जुनं औषध लिहून दिलं, असंही ती म्हणाली. बरं केलं. औषध चांगलं आहे. पण गोळी तुझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून तू बाबांच्या खलात कुटून पुड्या बांधतोस, हे ऐकलं आणि लगेच कागद घेऊन बसले. तो खल तू नेलास ते बरंच झालं असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

का कुटायची नाही, ते विचारू नकोस. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाच. मोठ्या बहिणीचं एक ऐकलंस तर काही आभाळ कोसळणार नाही. लहानपणी तू तापाची गोळी दोन तास गालात धरून बसायचास आणि मग खिडकीतून थुंकायचास, ते मला माहीत आहे. आता पन्नाशी ओलांडलीस. गिळ की.

माझं बरं चाललंय. दुकानात काचा कापायचं नवीन यंत्र आलंय. तरी जुन्या फ्रेमा आल्या की ताईंना बोलवा म्हणतात. गुडघा दुखतो. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तू लावून दिलेली होतीस, ती अजून टिकून आहे.

आशीर्वाद. गोळी अख्खी.

ताई


बुधवार, १२ मार्च

घुम्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी चार वाक्यं! तुझ्या मानानं भाषणच झालं म्हणायचं.

कितीदा वाचलं ते सांगत नाही. "तू बाबांना वर्षभर कुटूनच देत होतीस. तुझ्या हातून त्यांना काही झालं नाही. झालं ते मी पुडी चुकवल्यामुळे. मी तुझ्याच पद्धतीनं घेतो आणि एकही चुकवत नाही." बस्स. खाली नाव पण नाही.

अरे, माझी पद्धत कसली? बाबांची पद्धत. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरकी केली त्यांनी, डॉक्टर चार बदलले, कंपाउंडर तोच. गोळी म्हणजे आळशी माणसाचं औषध असं म्हणायचे. रोग्याचं वजन वेगळं, वय वेगळं, आणि गोळी सगळ्यांना एकच, हे कसं, म्हणून भांडायचे. तुला तेव्हा दवाखान्याचा वासही सहन व्हायचा नाही, तू बाहेर सायकली उलट्या करून चाकं फिरवत बसायचास. मी शाळा सुटली की त्यांच्याबरोबर खल घेऊन बसायची. बत्ता आपटायचा नाही, फिरवायचा. चिमटीत घेऊन चोळलं आणि कण लागला तर परत. मग कागद, तीन घड्या, टोक आत. माझी पुडी खिशात उलटीसुलटी झाली तरी सुटायची नाही.

म्हणून बाबांना तो अर्धांगाचा झटका आल्यावर आणि गिळताना ठसका लागायला लागल्यावर मी खल काढला, त्यात नवल काय? क्विनिडीन कडू, इतकं कडू की मधसुद्धा हार मानायचा. बाबा तोंड वाकडं करत आणि वर मलाच शिकवत. हे एका झाडाच्या सालीतून निघतं म्हणायचे. त्याच सालीतून कोयनेल निघतं, तापावरचं. सख्खी भावंडं, एकाच सालीतली, घडणही जवळजवळ तीच. एक ताप उतरवतं, दुसरं काळजाला शिस्त लावतं. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द अर्धे सांडायचे, पण औषधाचं नाव निघालं की माणूस ताठ बसायचा.

तेव्हा, ऐक. त्या गोळ्या वेगळ्या होत्या. साध्या. सहा-सहा तासांनी द्यायच्या, दिवसातून चारदा. त्या कुटल्या तरी काही बिघडत नाही. तुझ्याकडच्या गोळ्या मोठ्या आहेत ना? दिवसातून दोनदाच घ्यायच्या? त्या पोटात हळूहळू विरघळायला म्हणून बनवलेल्या असतात. बारा तासांचं औषध एकात भरलेलं असतं. ती कुटलीस की सगळं एकदम अंगात जातं. त्यानं काळजाला शिस्त लागत नाही, उलट ते बिथरतं. समजलं? बाबांच्या गोळ्या वेगळ्या, तुझ्या वेगळ्या. म्हणून माझी पद्धत तुला लागू नाही. यात कुणाचीही चूक नाही.

बाबांच्या त्या साध्या गोळ्या पुढे बाजारातून गेल्या, मग त्यांनाही मोठ्या मिळाल्या होत्या. पण त्या फार दिवस नव्हत्या. औषधाच्या दुकानदारानं नीट सांगायला हवं होतं, त्यांचं कामच आहे ते. पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी असतात, कोण वाचणार?

तर आता पुरे. डॉक्टरांना सांग, गिळता येत नाही. ते दुसरं काहीतरी देतील. लाजू नकोस. घसा बारीक असणं हा काही गुन्हा नाही.

आशीर्वाद.

ताई


गुरुवार, २० मार्च

घुम्या,

तुझ्या बायकोचा परत फोन आला. आज मी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आले आहे आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आहे. ऊन ओट्यापर्यंत आलंय. हे पत्र मी एकदाच लिहिणार, खाडाखोड झाली तरी तेच पाठवणार. नाहीतर पुन्हा गोड करून लिहीन, मला माहीत आहे.

ती म्हणाली, तू डॉक्टरांसमोर मान हलवतोस आणि घरी येऊन खल काढतोस. औषधाच्या दुकानदारानं सांगितलं, तरी तेच. ती रडायला लागली तेव्हा म्हणालास, ताईला भीती वाटते की मी परत डोस चुकवीन, म्हणून ती काहीतरी कारणं काढते, पण ताईच्या हातून औषध बिघडलेलं मी कधी बघितलेलं नाही. म्हणजे डॉक्टर खोटे, दुकानदार खोटा, छापलेली अक्षरं खोटी, आणि माझा हात खरा!

मग ती म्हणाली, तू दर रविवारी सकाळी बसतोस. मोजून चौदा पुड्या बांधतोस. प्रत्येकीवर वार आणि वेळ लिहितोस. आणि औषध घेतल्यावर रिकामा कागद सपाट करून पत्र्याच्या डब्यात ठेवतोस. आठवडा संपला की तिला चौदा कागद मोजून दाखवतोस. ती म्हणाली, "मी कधी मागितले नाहीत हो ताई. मला का दाखवतात, तेच कळत नाही."

मला कळलं. घुम्या, माझ्या हातून जे झालं त्याची मला आजपर्यंत लाज होती. आज किळस आली.

शेवटी तिनं सहज विचारलं, तुझ्या कानात सारखी शिट्टी वाजते आणि दिव्याभोवती अंधूक दिसतं, ते वयामुळे असेल का. वयामुळे नाही. बाबांच्याही कानात शिट्टी वाजत होती, शेवटच्या नऊ दिवसांत. दोन्ही कानांवर हात ठेवून मला दाखवत होते. मी म्हटलं, बाबा, आता म्हातारपण आलं, शिट्टीच वाजणार, पिपाणी थोडीच वाजेल. ते हसले. माझ्या या तोंडाला काय म्हणायचं?

नऊ दिवस. मागच्या पत्रात "फार दिवस नव्हत्या" असं लिहून मी पळ काढला. नव्या मोठ्या गोळ्या बाबांना नऊ दिवस गेल्या, दिवसातून दोनदा, मी कुटलेल्या. आणि पाकिटावरची अक्षरं मी वाचली होती. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, माझ्या चष्म्याचा नंबर बरोबर आहे, दुसऱ्या कुणाचा नसेल. मोडू नये, चावू नये, कुटू नये, असं लिहिलेलं होतं. मी ते बाबांना वाचूनही दाखवलं. ते म्हणाले, हे अडाण्यांसाठी लिहितात, ज्यांना कुटता येत नाही त्यांच्यासाठी. मलाही तसंच वाटलं. आपल्याला काय शिकवतात, असं वाटलं. ती गोळी आतून चिवट होती, खलात लवकर मोडेना, तर मी अर्धा तास घासत बसले आणि पीठ काढलं. बाबांनी चिमटीत चोळून बघितलं आणि मान हलवली. मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

आता तू ज्याच्यासाठी ते रिकामे कागद जपतोयस, ते सांगते.

दुकानानं मला यंत्र शिकायला परगावी पाठवलं. सोमवारी दुपारी मी निघाले. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ, सहा पुड्या. तुला डबी दिली, वर दहा सूचना दिल्या, तू नेहमीसारखा "हं" म्हणालास. डबीत मी सात पुड्या ठेवल्या होत्या.

सात, घुम्या. सहा नाही. बाबांची रीत होती ती. कितीही पुड्या बांधा, एक जास्तीची बांधायची. रोग्याचा हात थरथरतो, पोर धक्का देतं, एखादी सांडते. म्हणून सांडणीची एक. तिच्यावर वार-वेळ काही लिहायचं नाही, कोरी ठेवायची, म्हणजे ओळखता येते. दवाखान्यात बसून बसून ती माझ्या हाताला लागली होती. सातवी बांधली हे मी तुला सांगायचंच विसरले, इतकं ते सवयीचं होतं. तू दवाखान्यात कधी बसला नाहीस. तुला कुठून माहीत असणार?

गुरुवारी दुपारी एक वाजता मी आले. जिन्यावर चपला बघूनच कळलं. साडेदहाला बाबा गेले होते, आठची पुडी घेऊन अडीच तासांनी. तू पलंगाच्या पायाशी उभा होतास. आत्या डबी उघडून बसली होती. तिनं पुडी काढली आणि म्हणाली, "ही एक उरलीय. म्हणजे एक चुकवलीस." डॉक्टरांनीही मघाशी म्हटलं होतं म्हणे, या औषधाचा खंड पडला तर असं होऊ शकतं. तू म्हणालास, "मी सगळ्या दिल्या. सहा दिल्या." आत्या म्हणाली, "मग ही काय आकाशातून पडली?" आणि तू माझ्याकडे बघितलंस.

मी आत्याच्या हातातून पुडी घेतली. कोरी होती. आत्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, तिनं बघितलंच नव्हतं. मी मूठ मिटली. तुझ्याकडे बघितलं आणि मूग गिळून गप्प बसले.

का, ते ऐक. ही जास्तीची आहे असं म्हटलं असतं, तर तू सहाच्या सहा वेळेवर दिल्यास हे सिद्ध झालं असतं. मग पुढचा प्रश्न आला असता, की औषध वेळेवर गेलं, तरी माणूस कसा गेला? आणि कुणीतरी म्हटलं असतं, बघू त्या पुडीत काय आहे. त्या एका क्षणात मला पाकिटावरची अक्षरं आठवली, बाबांचे कानांवर ठेवलेले हात आठवले, सगळं आठवलं. मी घाबरले. बाबांना मी मारलं असं कुणी म्हणेल या भीतीनं मी तुला पुढे केलं. तू तसाही धांदरट, नोकऱ्या सोडणारा, उशिरा उठणारा, तुझ्यावर सगळ्यांचा पटकन विश्वास बसला. अविश्वास, म्हणायचं होतं मला. बघ, अजूनही हात अडखळतो.

मनात म्हटलं, चार दिवसांनी सांगू, माणसं पांगली की. तिसऱ्या दिवशी तू स्वतःच म्हणालास, "मीच विसरलो असेन एखादी." मी तेव्हाही गप्प. मग आत्यानं तुझ्या तोंडावर दार लावलं, बाकीच्यांनीही तुझ्यावर खापर फोडून हात झटकले, आणि तू बॅग आणि बाबांचा खल घेऊन निघालास. मी दारात उभी होते. तू म्हणालास, "ताई, खरंच आठवत नाही गं, कुठली चुकली." त्यावरही मी काही बोलले नाही. ती पुडी मी नंतर घरभर शोधली, टेबलाच्या खणात टाकली होती, मिळाली नाही.

बाबा माझ्या कुटण्यामुळेच गेले का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मी पुढे दुसऱ्या गावच्या एका डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, शक्य आहे, दाट शक्यता आहे. पण पुडीचं मी छातीठोकपणे सांगते. तू एकही चुकवली नाहीस. सहाच्या सहा दिल्यास, वेळेवर, सांगितल्या तशा. बाबांच्या शेवटच्या तीन दिवसांत या घरात एकच माणूस बरोबर वागला, तो तू.

माझा हात खरा नाही. तो खल फेक. माझ्यावर थुंक, पण गोळी अख्खी गिळ, नाहीतर डॉक्टरांकडून दुसरं औषध माग. आजच्या आज.

आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही, पण देते.

ताई


बुधवार, ९ एप्रिल

घुम्या,

पार्सल आलं. जड होतं, पोस्टमन म्हणाला, ताई, दगड मागवलात का?

खल आणि बत्ता, दोन्ही धुऊन पुसून पाठवलेत. त्यात ती पुडी होती. मला वाटत होतं ती कुणीतरी केरात टाकली असेल. तू अकरा वर्षं सांभाळलीस. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर विरलाय, पण सुटलेला नाही. वर काही लिहिलेलं नाही, खाली नाही, मागे नाही. तुला वाटलं असेल, एकीवर ताई लिहायला विसरली. तू ती किती वेळा हातात घेतली असशील आणि कुठला वार, कुठली वेळ म्हणून आठवत बसला असशील, हे मनात आलं आणि मी टेबलावर डोकं टेकून मोठमोठ्यानं रडले.

तुझ्या बायकोची चिठ्ठीही मिळाली. दुसरं पातळ औषध सुरू केलंय, कानातली शिट्टी थांबलीय, हे वाचून जीव भांड्यात पडला. खाली तिनं लिहिलंय की तू पत्र दोनदा वाचलंस, आणि आता ताईला लिहू नको म्हणावं, एवढंच म्हणालास. तुझं बरोबर आहे. हे शेवटचं. एक गोष्ट तुला कळायला हवी म्हणून लिहिते.

काल मी आत्याकडे गेले होते. चौऱ्यांशी वर्षांची झालीय, खुर्चीतून उठवत नाही, तोंड मात्र तसंच आहे. मी तिच्या हातात पुडी दिली आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिचा चष्मा मी स्वतः पुसून तिच्या डोळ्यांवर ठेवला. तिनं पुडी उलटसुलट करून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "अगं, हे आता मला कशाला सांगतेस? त्या दिवशी त्या खोलीत होते ते सगळे गेले. काका गेला, डॉक्टर गेले, शेजारीण गेली. मी आता कुणाला जाऊन सांगू, की पोरानं काही केलं नव्हतं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही, आत्या.

ती म्हणाली, "लहानपणी माझ्या मांडीवर झोपायचा तो." आणि मग तोंड भिंतीकडे केलं. मी तिला पाणी दिलं, घरी आले.

म्हणजे तुझं नाव मी परत आणू शकत नाही. ते ठेवून घ्यायला कुणी उरलेलंच नाही, ती आणि मी सोडून. तिला सांगून झालं. उत्तर नको देऊस. माफ कर असं मी म्हणणार नाही, आणि तू माफ केलंस म्हणून कळवलंस तरी मला खरं वाटणार नाही.

एवढंच कर. तो पत्र्याचा डबा रिकामा कर. सगळे कागद फेकून दे. आणि औषध घेतलंस की कप धुऊन ठेव आणि कामाला लाग. तुला कुणाला काही दाखवायचं नाही.

ताई